मल्लविद्येचे आचार्य बाळंभटदादा देवधर

एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पुण्यातील कुस्तीचा फड ही केवळ करमणूक नव्हती. परमुलखाचा मल्ल दरबारी येऊन आव्हान देई आणि त्यास जोड मिळाली नाही, तर जितपत्र मागे. असे जितपत्र लिहून देणे म्हणजे नामुष्कीवर आपल्याच हाताने शिक्कामोर्तब करणे! दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीच्या आरंभी निजामाच्या मुलखातून अली व गुलाब हे दोन पहिलवान असेच पुण्यास आले. नामांकित मल्ल पुढे होईनात. अखेर विडा उचलला तो बाळंभट देवधर नावाच्या एका ब्राह्मण तरुणाने. त्यांचा जन्म 1780चा. म्हणजे वय जेमतेम विशीचे.

त्यांनी काही दिवसांची मुदत मागून घेतली आणि ते वणीच्या सप्तशृंगी गडावर गेले. तेथे देवीच्या कृपेने मारुतीने वानररूपात लाकडी खांबावर डाव दाखविले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. तिच्याकडे श्रद्धेने पाहावे की चिकित्सेने, हे ज्याचे त्याने ठरवावे; तिच्यातील व्यवहार मात्र पक्का आहे. जोडीदार थकतो, खांब थकत नाही. एरंडेल चोळलेल्या खांबाला अढी घालून अंग तोलू लागले, की मांड्या, पोट, मनगटे यांची खरी परीक्षा होते आणि पकड सुटली तर दोष दुसऱ्यावर ढकलता येत नाही. हा खांब दादांनी शून्यातून निर्मिला नव्हता. आपल्या कर्नाटकातील कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. विस्मरणात गेलेल्या त्या विद्येस दादांनी पुन्हा शिस्त व अभ्यासक्रम दिला. बेंगळुरूच्या पेठेतील जुनी गरडी मने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्या तांबड्या मातीचा वास परका वाटणार नाही.

पुण्यास परतल्यावर दादांनी गुलाबला अस्मान दाखविले. अलीने मैदानात उतरण्याचे टाळले, असे सांगतात.

दादांची थोरवी मला या विजयाहून पुढच्या काळात अधिक दिसते. 1818 साली पेशवाई बुडाली. वार्षिक आठ लाखांच्या तनख्यावर बाजीराव कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तास गेले. फड भरविणारा दरबारच उरला नाही. पदरच्या पहिलवानाने अशा वेळी काय करावे? दादा ब्रह्मावर्तास गेले आणि परमुलखात शिकवू लागले. नानासाहेब, तात्या टोपे व बालवयातील मनकर्णिका, म्हणजे पुढची झाशीची राणी, यांनी तेथे मल्लखांबाचे धडे घेतल्याचे परंपरा सांगते. काशीतही या विद्येचे आखाडे उभे राहिले. पुत्र नारायणगुरू आणि शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांनी ती पुढे नेली.

दादा 1852 साली निवर्तले. पुढे 1936च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिके केली. त्यांत मल्लखांबही होता.