गाडीची एकच काच उघडली की कानात धबधब का होतं? उत्तराची किल्ली मोटार येण्याआधीच सापडली होती!

मंडळी, हायवेवर गाडी जोरात चाललीय. तुम्ही मागची एकच काच खाली करता आणि कानांवर धब-धब-धब असा दाब बसू लागतो. दुसरी एखादी काच जराशी उघडली की तो थांबतो. हे कोडं ज्यांच्या कामामुळे सुटतं, त्या माणसाने सुरुवात केली होती लष्करी डॉक्टर म्हणून.

हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांचा जन्म १८२१ मध्ये जर्मनीतल्या पॉट्सडॅमचा. वडील शाळेत शिक्षक. मुलाला भौतिकशास्त्र शिकायचं होतं, पण घरी तेवढा पैसा नव्हता. सरकारी खर्चाने वैद्यकी शिकता येत होती, बदल्यात लष्करात नोकरी करायची. हर्मन यांनी तो मार्ग धरला.

मात्र भौतिकशास्त्राचा नाद सुटला नाही. १८४७ मध्ये, लष्करात असतानाच, त्यांनी ऊर्जा नष्ट होत नाही हे मांडणारा निबंध लिहिला. नामांकित नियतकालिकाने तो नाकारला, म्हणून पुस्तिका काढावी लागली. पुढे ते प्राध्यापक झाले. बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो हे त्यांनी मोजलं. १८५१ मध्ये डोळ्याच्या आत डोकावणारं उपकरण जगासमोर आणलं. डोळ्यांचे डॉक्टर आजही त्याच तत्त्वावरचं उपकरण वापरतात.

मग आवाजाचा संबंध कुठे आला?

डोळ्यानंतर त्यांनी कानाकडे मोर्चा वळवला. छोट्या तोंडाचे पोकळ गोळे बनवून ते कानाला लावायचे. प्रत्येक गोळा एकाच ठरावीक स्वराला घुमायचा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती वाजते ना, तसंच! पोकळी मोठी तर स्वर खालचा, तोंड मोठं तर स्वर वरचा. १८६३ मध्ये आलेला त्यांचा स्वरांवरचा ग्रंथ खूप गाजला.

आता गाडीकडे परत या. केबिन म्हणजे बाटली, उघडी काच म्हणजे तिचं तोंड आणि फुंकर मारतो बाहेरचा वारा. बाटली एवढी मोठी की तिचा स्वर कानाला ऐकू येण्याच्या खालच्या टोकाशी, २० हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणून तो आवाजापेक्षा दाबासारखा जाणवतो. दुसरी काच उघडली की हा मेळ बिघडतो.

कॉम्प्युटर काय करतो?

बंद जागेत ध्वनिलहरी कशा पसरतात हे सांगणाऱ्या गणिताला आज हेल्महोल्ट्झ समीकरण म्हणतात. इंजिनीअर केबिनमधल्या हवेचे कॉम्प्युटरवर हजारो बारीक तुकडे पाडतात आणि कंपनांच्या एकेका वेगासाठी प्रत्येक तुकड्यातला दाब काढतात. पत्रा किती थरथरतो, सीट किती आवाज शोषते हेही त्यात धरतात. त्यामुळे कोणत्या वेगाला ड्रायव्हरच्या कानाशी घुमेल, हे गाडी बनण्याआधीच बरंचसं कळतं. अडचण एकच: स्वर जितका वरचा, तितकी लहर आखूड आणि तितके तुकडे जास्त बारीक. त्यामुळे वरच्या स्वरांसाठी प्रत्येक तुकडा न मोजता सरासरीवर चालणाऱ्या वेगळ्या पद्धती वापरतात.

हेल्महोल्ट्झ १८९४ मध्ये बर्लिनजवळ वारले. बेंझच्या पहिल्या मोटारीच्या पेटंटला तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. पैशाअभावी भौतिकशास्त्र हुकलेल्या त्या मुलाचं गणित आज शांत गाड्या घडवायला कामाला येतंय.

पुढच्या वेळी धबधब झाली तर समोरची काच दोन बोटं खाली करा, आणि कारण सोबतच्यांनाही सांगा!