सेमूर क्रे : एक बलवान प्रोसेसर की अनेक छोटे?



नवीन मोबाइल आठ कोअरचा आहे म्हटलं की मुलं लगेच विचारतात, म्हणजे आठपट फास्ट का? याचं उत्तर द्यायचं असेल तर मुलांना सेमूर क्रे यांचं चरित्र जरूर सांगा.

महासंगणकाचे जनक मानले जाणारे क्रे यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२५ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या चिपेवा फॉल्स या छोट्या गावी झाला. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात रेडिओचं काम करत. पुढे मिनेसोटा विद्यापीठात ते विद्युत अभियांत्रिकी आणि गणित शिकले. कंट्रोल डेटा कंपनीत त्यांनी १६०४ नावाचा संगणक रचला. त्यावरून पुढे तयार झालेला ३६०० हा संगणक १९६४ मध्ये आपल्या मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आला.

१९७२ मध्ये क्रे यांनी स्वतःची कंपनी काढली आणि १९७६ मध्ये क्रे-१ हा महासंगणक दिला. एकच प्रोसेसर, पण जबरदस्त वेगवान! विजेच्या संकेताला तारेतून जायलाही वेळ लागतो. म्हणून तारा आखूड राहाव्यात यासाठी त्यांनी यंत्राला इंग्रजी 'सी' अक्षराचा गोल आकार दिला. वेग वाढला की उष्णताही वाढते, म्हणून फ्रिजसारखी थंड करण्याची सोय केली. एका प्रोसेसरला किती पळवायचं, याला ही उष्णताच आडवी येते. १९८५ च्या क्रे-२ मध्ये त्यांनी चार प्रोसेसर बसवले.

आता हा फरक मुलांना कसा समजवाल? माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळचं एखादं उडुपी हॉटेल डोळ्यांसमोर आणा. सिंगल कोअर म्हणजे एकच आचारी. तो कितीही चपळ असला तरी ऑर्डरी एकामागून एकच निघणार. मल्टिकोअर म्हणजे एकाच ओट्यावर चार आचारी. चार ऑर्डरी एकदम सुरू. पण तुम्ही एकच डोसा मागवलात, तर तो काही चौपट लवकर येत नाही! शिवाय पिठाचं भांडं एकच असेल तर चौघांना एकमेकांसाठी थांबावं लागतं. संगणकात हे भांडं म्हणजे सगळ्या कोअरची सामायिक मेमरी.

क्रे यांचा भर मोजक्या, पण ताकदवान प्रोसेसरवर होता. इतरांनी मात्र असंख्य छोटे प्रोसेसर जोडायला सुरुवात केली. आपल्या देशाला हवा तेवढा मोठा क्रे संगणक अमेरिकेने दिला नाही. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला, तोही छोटे प्रोसेसर जोडूनच!

इकडे क्रे-३ ला ग्राहक मिळाले नाहीत आणि १९९५ मध्ये क्रे यांची कंपनी दिवाळखोर झाली. पण माणूस खचला नाही. १९९६ मध्ये, वयाच्या सत्तरीत, त्यांनी पुन्हा नवी कंपनी काढली आणि या वेळी अनेक प्रोसेसरचा मार्ग धरला. दुर्दैवाने मोटार अपघातात जखमी होऊन ५ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचं निधन झालं. पुढे २००५ च्या सुमारास उष्णतेच्याच कारणाने घरगुती संगणकातही एका चिपवर दोन कोअर आले.

वर्गात हा उपक्रम करून बघा. चाळीस सुटी गणितं चार मुलांत वाटा. काम भराभर होईल. मग अशी साखळी द्या, की पहिल्या गणिताचं उत्तर दुसऱ्यात लागेल, दुसऱ्याचं तिसऱ्यात. तिथे चार मुलं असूनही तिघं नुसती बसून राहतील. आठ कोअर म्हणजे आठपट वेग का नाही, हे मुलं स्वतःच सांगतील. आणि आयुष्यभर धरलेली वाट सत्तरीत बदलायला क्रे लाजले नाहीत, हेही मुलांना आवर्जून सांगा.