नाण्यांची झीज मोजणारा माणूस

गेल्या वर्षी विसर्जन आटोपल्यावर आम्ही चार-पाच जण दानपेटी मोजायला बसलो होतो. नोटा पटकन मोजून झाल्या, चिल्लर मात्र संपता संपेना. त्या ढिगात १९८० च्या दशकातले, तांबे-निकेलचे, रुपयाचे एक जुने नाणे माझ्या हाती लागले. कडा गुळगुळीत, अक्षरे पुसट. माझ्या तोंडून सहज निघून गेले की अशी भरपूर नाणी वजन करून पाहिली तर ती किती वर्षे बाजारात फिरली ते काढता येईल. रुळांच्या माणसाला सगळीकडे झीजच दिसणार, असे म्हणून खजिनदारकाकांसकट सगळे हसले.

त्यांचे काही चुकले नाही. मी रेल्वेत ट्रॅकवर काम करतो आणि गेली वीसेक वर्षे रुळांची झीज मोजत आलो आहे. वळणावरच्या बाहेरच्या रुळाचे डोके एका अंगाने घासत जाते. कोणत्या चाकाने किती घासले हे कोणी सांगू शकत नाही, पण वरून किती टन वाहतूक गेली याचा अंदाज त्या झिजेवरून बांधता येतो. नाण्यांची कल्पना मात्र माझी नव्हे. ती दामोदर धर्मानंद कोसंबी यांची. यंदा संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा दुसरा विषय सुचलाच नाही.

कोसंबी हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी इतिहासकार म्हणून ऐकलेले असते. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे थोर पंडित. दामोदरांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथाच्या कामासाठी गेले, तेव्हा १९१८ मध्ये अकरा वर्षांचा मुलगाही अमेरिकेत गेला. पुढे त्याच हार्वर्डमधून १९२९ साली ते उत्तम गुणांनी बी. ए. झाले. आणि शिक्षणाची पदवी म्हणाल तर तेवढीच! डॉक्टरेट त्यांनी केली नाही. मी स्वतः डिप्लोमावाला. लग्नकार्यात बी. ई. कुठून केले असे विचारणारे भेटतातच, त्यामुळे ही माहिती मला प्रथम कळली तेव्हा जरा बरे वाटले, हे कबूल करतो. अर्थात हार्वर्डचे बी. ए. आणि आमचे पॉलिटेक्निक यांत अंतर आहे, तेही मला कळते.

भारतात परतल्यावर त्यांनी बनारस आणि अलीगढ येथे गणित शिकवले. अलीगढला त्यांच्या हातून एक गंमत घडली. आंद्रे वेल या फ्रेंच गणितज्ञाच्या सुचवण्यावरून, एका सहकाऱ्याची फिरकी घेण्यासाठी, त्यांनी बूर्बाकी नावाच्या कधीच अस्तित्वात नसलेल्या रशियन गणितज्ञाच्या प्रमेयावर चक्क शोधनिबंध लिहिला आणि तो छापूनही आला. काही वर्षांनी वेल आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी बूर्बाकी या टोपणनावाने ग्रंथमाला सुरू केली आणि ती जगभर गाजली. गणिताच्या वाङ्मयात ते नाव पहिल्यांदा आले ते मात्र या गोवेकराच्या थट्टेतून.

१९३३ पासून ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात होते. संख्याशास्त्र स्वतःचे स्वतः शिकायचे तर हाताशी खरा प्रश्न हवा म्हणून त्यांनी नाणी घेतली. आधी प्राचीन नव्हे, आपल्या-तुपल्या खिशातली, रोजच्या व्यवहारातली. प्रत्येक नाण्यावर टांकसाळीचे वर्ष असतेच. एकेका वर्षाची नाणी वेगळी काढून अचूक काट्यावर तोलली तेव्हा दिसले की सुटे नाणे काहीच सांगत नाही. एखादे वर्षानुवर्षे गल्ल्यात पडून राहते, एखादे दिवसाला दहा हातांतून जाते. पण पुष्कळ नाणी एकत्र घेतली की त्यांचे सरासरी वजन जवळजवळ ठरावीक गतीने उतरते, आणि जितकी वर्षे जास्त तितकी त्यांच्या वजनांतली तफावतही वाढते. भाजीवाली, सराफ, टांगेवाला, कोणीही ठरवून काही करत नाही, तरी सगळ्यांच्या देवघेवीतून एक नियम तयार होतो. मला या माणसाचे सर्वांत जास्त आश्चर्य वाटते ते इथे.

हा नियम हाती आल्यावर ते तक्षशिलेच्या चांदीच्या कार्षापणांकडे वळले. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ही आहत नाणी. त्यांवर ना राजाचे नाव, ना साल. दर्शनी बाजूला पाच ठसे आणि मागे बारीक खुणा. पण पुरून ठेवलेल्या साठ्यातली सगळी नाणी एकाच वेळी व्यवहारातून बाहेर पडलेली असतात, म्हणजे पुरण्याच्या दिवशी जी जास्त झिजलेली ती जास्त जुनी. कोसंबींनी ठशांप्रमाणे गट पाडले, प्रत्येक गटाचे सरासरी वजन काढले आणि त्यावरून कोणती नाणी आधीची, कोणती नंतरची हा क्रम लावला. मागच्या खुणा जितक्या जास्त तितके वजन कमी, हेही त्यांनी दाखवले. त्यावरून त्यांनी ताडले की त्या खुणा राजाच्या नसून नाणी वेळोवेळी पारखून घेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या असाव्यात. आमच्याकडे तपासणी झाली की रुळावर रंगाने खूण करतात, तसेच काहीसे.

आपल्या गावाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे नाण्यांवरचे त्यांचे हे लेख १९४१-४२ च्या सुमारास ‘करंट सायन्स’ या बेंगळुरूहून निघणाऱ्या नियतकालिकात आले.

दुसरी गोष्ट आमच्या मंडळातल्या एका ताईंमुळे कळली. त्या नाचणीच्या वाणांवर संशोधन करतात. कोसंबींचे एक सूत्र त्यांच्या संगणकावर रोज चालते, पण हे कोसंबी म्हणजे आपले कोसंबी हे त्यांना ठाऊक नव्हते! गुणसूत्रावर जनुके एका रेषेत असतात, मार्गावरच्या स्थानकांसारखी. त्यांतले अंतर, पुढच्या पिढीत ती किती वेळा एकमेकांपासून सुटतात, यावरून मोजतात. अडचण अशी की अ ते ब आणि ब ते क या मोजमापांची बेरीज अ ते क एवढी येत नाही, कारण मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर टोकाची जनुके पुन्हा एकत्रच दिसतात. शिवाय एका जागी अदलाबदल झाली की शेजारी दुसरी होण्याचा संभव घटतो. हे ध्यानात घेऊन कोसंबींनी १९४४ साली दुरुस्तीचे सूत्र दिले. जीवशास्त्राशी त्यांचा तसा संबंध नव्हता. आज जगभर पिकांचे जनुक-नकाशे करताना ते वापरले जाते.

१९४५ मध्ये डॉ. होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली. तिचे पहिले काही महिने इथेच, आपल्या बसवाल्यांच्या भाषेत टाटा इन्स्टिट्यूटमध्ये गेले, मग ती मुंबईला हलली. भाभांनी कोसंबींना तिथे बोलावले. घर पुण्यात, नोकरी मुंबईत, त्यामुळे वर्षानुवर्षे डेक्कन क्वीनने जाणे-येणे. ही गाडी १९३० साली सुरू झाली. तिच्या खिडकीतून मळवलीजवळ ज्या डोंगरांत कार्ले-भाजे लेणी आहेत, तिथे ते पायी हिंडलेले होते. लेणी आडरानात नसून घाटातून उतरणाऱ्या जुन्या व्यापारी वाटांवर आहेत, हे त्यांनी ठासून मांडले. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर त्यांना अश्मयुगीन गारगोटीची बारीक हत्यारे सापडत, आणि ग्रामदेवतांची ठाणीही बऱ्याचदा तिथेच असत. पंढरीची वारी ऐन पेरणीच्या हंगामात का, हा प्रश्नही त्यांना पडला. शेतकऱ्याला न सोयीची ही वाट शेतीच्याही आधीच्या, कळप घेऊन फिरणाऱ्या माणसांची असावी, असा त्यांचा तर्क होता. पटो न पटो, मी दोनदा वारीला गेलो असूनही असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

पुढचा भाग लिहिताना हात अडखळतो. अविभाज्य संख्यांविषयी रीमानने १८५९ मध्ये मांडलेले गृहीतक आजही सिद्ध झालेले नाही. कोसंबींनी १९५९ मध्ये संभाव्यतेच्या मार्गाने त्याची सिद्धता दिल्याचा दावा केला, आणि तोही कृषी-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. युक्तिवाद जाणकारांना मान्य झाला नाही. ज्याने एवढी वर्षे दुसऱ्यांच्या शेतात जाऊन अचूक पीक काढले, तो स्वतःच्या बांधावर घसरला. त्यात अणुऊर्जेऐवजी आपल्या देशाने सूर्याच्या उष्णतेचा विचार करावा, असे ते उघड सांगत. भाभांच्या संस्थेत हे बोलणे म्हणजे काय ते कोणत्याही नोकरदाराला सांगायला नको. १९६२ मध्ये त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. वय साठही नव्हते. २००८ साली टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

मला कधी वाटते, दुसऱ्याच्या क्षेत्रात बेधडक शिरण्याची जी सवय नाण्यांना आणि जनुकांना फळली, तीच रीमानपाशी नडली. ती सवय नसती तर ही चूक झाली नसती, हे खरे. पण मग खिशातली नाणीही कोणी तोलली नसती.

असो. ते गुळगुळीत नाणे मी पेटीत दुसरा रुपया टाकून घरी आणले आहे. यंदा बालगोपाळांच्या स्पर्धेच्या दिवशी ज्यांच्याकडे १९८२ ते १९९१ या काळातले रुपये असतील त्यांनी ते जरूर आणावेत. सराफी काटा मी मागून आणणार आहे. एकेका सालाची तीस-चाळीस नाणी तरी जमायला हवीत. प्रत्येकाचे नाणे त्याला परत मिळेल, खजिनदारकाकांनी तशी हमी दिली आहे.