पंडिता रमाबाईंची विलायतयात्रा

पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्या मंडळ्यांत विरळाच. केडगावचे मुक्तिसदन आणि त्यांनी केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर यांविषयी शब्बाथशाळेचे शिक्षक मुलांना सांगतच असतात. येथे आम्ही त्यांच्या चरित्रातील एकच भाग सांगणार आहोत. त्या कोणत्या आशेने परदेशी गेल्या आणि तेथून काय घेऊन आल्या, एवढेच पाहू.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढी न जुमानता पत्नीला संस्कृत शिकविले आणि आईने ती विद्या मुलीला दिली. आईवडील दुष्काळात गेले. भावाबरोबर पायी देश हिंडत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. पदरी वर्षाच्या आतली मनोरमा राहिली.

पुण्यास आल्यावर रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच वर्षी हंटर कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी स्त्रीशिक्षिका व स्त्री डॉक्टर यांची गरज मांडली. पुरुष डॉक्टरास दुखणे सांगण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायका त्या काळी थोड्या नव्हत्या. तेव्हा विलायतेस जावे, वैद्यकी शिकावी आणि परत येऊन बहिणींची सेवा करावी, अशी आशा रमाबाईंनी बांधली. ‘स्त्रीधर्मनीति’ हे आपले पुस्तक विकून त्यांनी प्रवासखर्च उभा केला. वॉन्टेज येथील भगिनीमंडळात राहण्याची सोय झाली, तीही फुकट नव्हे. हिंदुस्थानात येऊ इच्छिणाऱ्या भगिनींना त्या मराठी शिकविणार होत्या.

१८८३ साली त्या इंग्लंडात उतरल्या. परंतु ज्यासाठी गेल्या तेच हाती आले नाही. त्यांना ऐकू कमी येत असे, त्यामुळे वैद्यकीचा मार्ग बंद झाला. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांचा तर काही महिन्यांतच आत्मघाताने अंत झाला. परक्या मुलखात, लहान लेकरू कडेवर घेऊन, हे दुःख रमाबाईंनी कसे सोसले असेल याची कल्पनाच करावी.

पण त्याच दिवसांत भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील आपले काम दाखविले. समाजाने टाकलेल्या, पतित म्हणून हिणविलेल्या स्त्रियांना तेथे प्रेमाने वागवीत. असे कोठे त्यांनी पूर्वी पाहिले नव्हते. याचे मूळ काय म्हणून त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वॉन्टेज येथे त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. निघताना मनाशी धरलेल्या लाभांत हा लाभ नव्हता.

पुढे चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्या शिकल्या आणि संस्कृत शिकवीतही होत्या. १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियास गेल्या. तेथे बालोद्यान शिक्षणपद्धती शिकल्या व गावोगाव व्याख्याने दिली. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला त्यांच्या साहाय्यार्थ मंडळ स्थापन होऊन दहा वर्षे मदतीचे वचन मिळाले.

एवढा मान मिळाल्यावर त्यांना तिकडेच सुखाने राहता आले असते. त्या परत आल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत बालविधवा गोदूबाई होत्या. त्याच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. केडगावी पतित स्त्रियांसाठी कृपासदन उभे राहिले, त्याचे बीज फुलहॅमला पडले होते. १९२२ साली रमाबाई प्रभूजवळ गेल्या.

आपल्या मंडळ्यांतील मुलेमुली आजही शिक्षणासाठी, नोकरीसाठी परदेशी जातात. चार पैसे मिळावेत, विद्या मिळावी अशी आशा धरण्यात आम्हांस काही गैर वाटत नाही. रमाबाईंनीही ती धरली होती. पण ठरविलेला दरवाजा बंद झाला म्हणून जाणे व्यर्थ झाले असे त्यांनी मानले नाही, आणि जे मिळाले ते स्वतःपुरते ठेवले नाही. जाणाऱ्याला निरोप देताना त्याच्यासाठी प्रार्थना करावीच, आणि रमाबाईंची ही हकिकतही त्याला अवश्य सांगावी.