उघड्या दाराची खोली

आमच्या अफजलपूर तालुक्याच्या कडेने भीमा वाहते. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि रविवारी चर्चमध्ये दोन्ही, अशा वातावरणात मी वाढले. महाविद्यालयात आल्यावर वसतिगृहातील मैत्रिणी विचारू लागल्या, तुमचा धर्म नेमके काय शिकवतो? मी उत्तर देई, पण ते पाठ केल्यासारखे वाटे. याच सुमारास पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचनात आले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, म्हणून त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. त्याच आईने पुढे रमाबाईंना शिकवले. पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरणारे हे कुटुंब दुष्काळात सापडले आणि आईवडील अन्नान्न करीत गेले. भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर भटकत रमाबाई १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, आणि १८८२ मध्ये वैधव्य आले. पदरी तान्ही मनोरमा होती.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तेथे ख्रिस्ती भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांना जवळ करून त्यांची सेवा करीत होत्या. शास्त्रे मुखोद्गत असलेल्या या विदुषीच्या मनावर त्या सेवेचा फार परिणाम झाला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविले. तेथे धर्माचे शिक्षण द्यायचे नाही, असे ठरले होते. परंतु रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

येथे मी बराच वेळ अडखळले. ज्या मुलीला दुसरा आसरा नाही, तिच्यासाठी उघडे दार हेही एक प्रकारचे बोलावणे ठरत नाही काय? टीकाकारांची शंका मला अगदीच निराधार वाटत नाही. पण सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिंदूच राहिली. १८९३ मध्येच तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि पुढे बाया कर्वे म्हणून ती सर्वांना परिचित झाली. दार उघडे होते, ते आत येण्यासाठी तसेच बाहेर जाण्यासाठीही.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातील केडगावी मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथे दीड हजारांहून अधिक बायकामुली होत्या. शेती, विणकाम, छपाई, सारे त्या शिकत. अंध मुलींनाही काम शिकवले जाई. ज्या भुकेने आईवडिलांना नेले, त्या भुकेला रमाबाईंनी दिलेले हे उत्तर होते. त्याच छापखान्यात त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर बायकांच्या हातांनी छापले गेले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्यासाठी महत्त्वाचे असे की १९१२ च्या सुमारास मायलेकींनी तेव्हाच्या गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, शाळा काढली. मनोरमाबाई तिच्या प्रमुख होत्या. केडगावातून जाणारी लोहमार्गाची वाट सोलापूरवरून आपल्या जिल्ह्यात येते. त्याच वाटेने ते कामही आले. मनोरमाबाई १९२१ साली, आईच्या आधीच गेल्या.

मैत्रिणींच्या प्रश्नाचे उत्तर मी अजूनही दिलेले नाही. पूर्वी प्रार्थनेच्या वेळी मी खोलीला आतून कडी लावीत असे, कोणी हसेल म्हणून. आता लावत नाही. कोणाला आत बोलावतही नाही. मात्र त्या उघड्या दारातून दिवसभराचे माझे वागणेही मैत्रिणींना दिसते, आणि प्रार्थनेपेक्षा त्याचीच मला अधिक काळजी वाटते.