माणशी एक डॉलर : क्लारा बार्टन यांचे जीवनकार्य

समुद्रावरून आलेले वादळ एका रात्रीत निघून जाते. पुढचे आठ-पंधरा दिवस वर्तमानपत्रांचे रकाने भरतात, ठिकठिकाणी निधी जमतो, जुने कपडे गोळा होतात आणि मग जगाचे लक्ष दुसरीकडे वळते. ज्यांचे घर गेले, हाताशी आलेले पीक गेले, विहिरीचे पाणी खारट झाले, त्यांची खरी कसोटी मात्र तेव्हा सुरू होते. या नंतरच्या दिवसांचा विचार करणारी माणसे थोडी. अमेरिकन रेडक्रॉसच्या संस्थापिका क्लारा बार्टन या त्यांपैकी एक होत. रणांगणावर जखमींची शुश्रूषा करणारी स्त्री म्हणून त्यांचे नाव जगाला ठाऊक आहे. परंतु १८९३ साली वादळाने बेघर झालेल्या तीस हजार माणसांना त्यांनी लोकांच्या वर्गणीवर दहा महिने कसे जगविले, ही हकीकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

क्लाराचा जन्म २५ डिसेंबर १८२१ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, नॉर्थ ऑक्सफर्ड या गावी झाला. पाच भावंडांत ती सर्वांत धाकटी. स्वभावाने इतकी बुजरी की, घरच्यांना तिची काळजी वाटे. ती अकरा वर्षांची असताना तिचा भाऊ डेव्हिड उंचावरून पडून अंथरुणास खिळला. त्याची सेवा तिने जवळजवळ दोन वर्षे केली. परक्यांपुढे तोंड न उघडणारी ही मुलगी, कोणाला आपली गरज आहे असे दिसताच सारा संकोच विसरते, हे घरच्यांच्या तेव्हाच ध्यानात आले.

वयाच्या सतराव्या वर्षी ती शिक्षिका झाली. पुढे १८५२ मध्ये न्यू जर्सीतील बॉर्डनटाउन येथे तिने सर्वांसाठी विनामूल्य शाळा सुरू केली. थोड्याच काळात विद्यार्थ्यांची संख्या सहाशेच्या घरात गेली. शाळा नावारूपास आली तेव्हा गावच्या पुढाऱ्यांनी मुख्याध्यापक म्हणून एका पुरुषाची नेमणूक केली आणि त्याला क्लारापेक्षा दुप्पट पगार दिला. तिने ती शाळा सोडली आणि वॉशिंग्टनला येऊन सरकारच्या पेटंट कचेरीत कारकुनी धरली. सरकारी कचेरीत स्त्रीने बसणे हीच त्या काळी नवलाची गोष्ट होती, आणि पुरुष सहकाऱ्यांचा जाच तिला पुष्कळ सोसावा लागला.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. क्लाराबाईंच्या प्रांतातील एक पलटण वाटेत जमावाचा मार खाऊन वॉशिंग्टनला पोहोचली. त्या शिपायांत कित्येक त्यांच्या ओळखीचे, काही तर त्यांच्याच हाताखाली शिकलेले होते. अंगावरच्या कपड्यांखेरीज त्यांच्यापाशी काही उरले नव्हते. बाईंनी घरातील होते नव्हते ते नेऊन दिले, ते संपल्यावर आपल्या प्रांतातील लोकांना मदतीचे आवाहन केले. गावोगावच्या स्त्रियांनी पाठविलेल्या पेट्या येऊ लागल्या आणि त्या ठेवायला जागा अपुरी पडू लागली. कोणत्याही संस्थेचे पाठबळ नसताना, घराघरांतून आलेल्या चादरी, मुरंबे व मलमपट्ट्या योग्य ठिकाणी पोहोचविण्याचे त्यांचे शिक्षण इथेच झाले. १८६२ मध्ये अँटिएटमच्या लढाईत त्या एका जखमीला सावरीत असताना एक गोळी त्यांच्या बाहीतून आरपार गेली आणि तो शिपाई त्यांच्या हातांतच मरण पावला.

युद्ध संपले तरी त्यांचे काम संपले नाही. बेपत्ता सैनिकांच्या आप्तांची त्रेसष्ट हजारांवर पत्रे त्यांच्या कचेरीने हाताळली आणि सुमारे बावीस हजार सैनिकांचे काय झाले याचा छडा लावला. अतिश्रमाने प्रकृती ढासळली म्हणून १८६९ मध्ये त्या युरोपात गेल्या. तेथे त्यांना रेडक्रॉसची माहिती झाली. पाठोपाठ फ्रान्स व प्रशिया यांचे युद्ध जुंपले. उद्ध्वस्त झालेल्या स्ट्रासबर्ग शहरात त्यांनी एक निराळा प्रयोग केला. गरजूंना नुसते कपडे वाटण्याऐवजी शहरातील निराधार स्त्रियांना शिवणकाम देऊन त्याची मजुरी दिली आणि तेच कपडे गरजूंना पुरविले. या अनुभवाचा पुढे फार उपयोग व्हायचा होता.

मायदेशी परतल्यावर बरीच वर्षे खटपट करून २१ मे १८८१ रोजी त्यांनी अमेरिकन रेडक्रॉसची स्थापना केली. तेव्हा त्यांचे वय एकोणसाठ होते. युद्धासाठी जन्मलेली ही संस्था शांततेच्या काळी पूर, वणवा, वादळ अशा आपत्तींतही धावून गेली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १८८९ मध्ये जॉन्सटाउन येथे धरण फुटून २,२०९ माणसे दगावली, तेव्हा त्या तेथे पाच महिने ठाण मांडून बसल्या होत्या.

आता १८९३ च्या वादळाकडे वळू. साउथ कॅरोलायना राज्याच्या किनाऱ्यालगत सखल बेटांची एक रांग आहे. 'सी आयलंड्स' या नावाने ती ओळखली जाते. तेथील वस्ती बहुतांशी कृष्णवर्णीयांची. तीस वर्षांपूर्वीपर्यंत हे लोक गुलाम होते. मुक्त झाल्यावर त्यांनी जमिनीचे लहान लहान तुकडे विकत घेतले, लाकडी घरे बांधली, कापूस, मका आणि रताळी पिकवली. २७ ऑगस्ट १८९३ च्या रात्री ऐन भरतीच्या वेळी वादळ या बेटांवर आले. समुद्र जमिनीवर चढला. मृतांचा आकडा निश्चित कधीच कळला नाही. तो एक हजारापासून दोन हजारांपर्यंत सांगितला जातो. जे वाचले त्यांची घरे, होड्या, गुरे गेली, पिके शेतात कुजली, विहिरींत खारे पाणी शिरले. सुमारे तीस हजार माणसे उघड्यावर आली.

वेळही वाईट होती. त्याच वर्षी अमेरिकेत आर्थिक मंदीची मोठी लाट आली होती, बँका बुडत होत्या. राज्याचे गव्हर्नर बेंजामिन टिलमन हे कृष्णवर्णीयांचे उघड विरोधक. पण इतक्या लोकांना पोसणे आपल्या आवाक्यातले नाही हे पाहून त्यांनीच रेडक्रॉसला साकडे घातले. केंद्र सरकारने एक पैसाही मंजूर केला नाही. एकाहत्तर वर्षांच्या क्लाराबाईंनी ऑक्टोबरच्या आरंभी ब्यूफर्ट या गावी आपले ठाणे केले. ही बेटे त्यांना नवी नव्हती. युद्धकाळात १८६३ मध्ये त्या याच किनाऱ्यावर जखमींची सेवा करीत होत्या.

पुढील दहा महिन्यांत देशभरातून जी रोख रक्कम आली, ती तीस हजार डॉलरांहून थोडीच अधिक भरली. माणसे तीस हजार आणि डॉलरही तीस हजार! म्हणजे एका माणसाला दहा महिन्यांसाठी एक डॉलर. याशिवाय आले ते लोकांनी पाठविलेले कपडे, धान्य व बियाणे. एवढ्यावर हिवाळा काढायचा होता.

क्लाराबाईंनी प्रथम हिशोब मांडला. सात माणसांच्या कुटुंबाला आठवड्याला मक्याच्या कण्या सुमारे नऊ लिटर मापाच्या आणि डुकराचे मांस एक पौंड, एवढाच शिधा ठरला. तो पोटभर नव्हता हे उघड आहे. मासे पकडून, शिंपले वेचून लोकांनी त्यात भर घालावी अशी अपेक्षा होती. परंतु आरंभी सढळ हाताने वाटले असते तर ऐन थंडीत कोठार रिकामे झाले असते, हे त्या जाणून होत्या. डॉक्टर हबेल हे त्यांचे विश्वासू सहकारी बेटाबेटांवर हिंडून कोणाला काय हवे ते पाहत.

दुसरी गोष्ट कामाची. खारे पाणी साचून शेते नापीक झाली होती. धडधाकट पुरुषांनी चर खणावेत, पाणी वाहते करावे आणि त्याबद्दल वाढीव शिधा घ्यावा अशी व्यवस्था झाली. दोनशे मैलांहून अधिक लांबीचे चर त्यांनी खणले. लाकूड आणि खिळे पुरविले गेले, घरे मात्र ज्याची त्याने उभारली. उत्तरेकडून पिंपे भरभरून आलेले जुने कपडे जसेच्या तसे वाटले नाहीत. बेटांवरील स्त्रियांची शिवणमंडळे निघाली आणि ते उसवून, बेतून, मापाचे करण्याचे काम त्यांनीच अंगावर घेतले. वसंत ऋतू येताच बियाणे वाटले गेले. पहिले पीक हाती आल्यावर, १८९४ च्या उन्हाळ्यात, क्लाराबाईंनी आपले ठाणे उठविले.

या कामावर टीकाही झाली. फुकट खाऊन हे लोक आळशी होतील असे काही गोरे म्हणत होते. मदत फक्त काळ्यांनाच मिळते अशीही कुरकुर होती. आज आपणांस उलट प्रश्न पडेल : भुकेल्या माणसाकडून कामाची अपेक्षा कितपत योग्य? प्रश्न रास्त आहे. पण ते चर त्या लोकांच्याच शेतांत खणले जात होते आणि त्यावर येणारे पीक त्यांचेच होते, हे विसरून चालणार नाही.

८ सप्टेंबर १९०० रोजी टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन शहर वादळाने धुऊन नेले आणि किमान सहा हजार माणसे मेली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या क्लाराबाई तेथेही गेल्या. शहरातील मदतीबरोबरच आसपासच्या शेतकऱ्यांना त्यांनी स्ट्रॉबेरीची पंधरा लाख रोपे मिळवून दिली, कारण समुद्राने त्यांचे मळे बुडविले होते. त्यांची ही शेवटची मोठी मोहीम.

उतारवयात मात्र त्यांच्याच संस्थेत त्यांच्याविरुद्ध वारे वाहू लागले. सारा कारभार त्या एकहाती चालवितात, जमाखर्च नीट ठेवीत नाहीत, असा आक्षेप आला. चौकशी नेमली गेली. गैरव्यवहार सिद्ध झाला नाही आणि चौकशी अर्ध्यावरच थांबली. पण आक्षेपात तथ्य मुळीच नव्हते असेही म्हणता येत नाही. स्वतःचा पैसा आणि संस्थेचा पैसा यांत त्यांनी कधी काटेकोर भिंत घातली नव्हती. ग्लेन एको येथील त्यांचे राहते घर हेच संस्थेचे कोठार होते. ज्या मोकळेपणामुळे त्या कोणाच्याही परवानगीवाचून तातडीने धावून जात, तोच मोकळेपणा संस्था मोठी झाल्यावर दोष ठरला. १९०४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. १२ एप्रिल १९१२ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ग्लेन एको येथे त्यांचा अंत झाला.

भारतात रेडक्रॉसची रीतसर स्थापना १९२० साली झाली. १९९३ चा किल्लारीचा भूकंप असो की २०१९ चा कृष्णा-पंचगंगेचा महापूर, महाविद्यालयांतून मदतफेऱ्या निघाल्या, डबे खुळखुळले, कपड्यांचे ढीग लागले. हे चांगलेच आहे. परंतु क्लाराबाईंचे चरित्र वाचल्यावर वाटते की, आपले काम डबा भरून पाठविल्यावर संपत नाही. तो ढीग उपसून कोणत्या घराला कोणते माप लागेल हे पाहायला कोणी बसले आहे का, आणि पुढच्या हंगामाचे बियाणे त्यात आहे का, एवढे विचारण्याची सवय आपण विद्यार्थ्यांनी लावून घेतली, तरी या चरित्राच्या वाचनाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.