जयप्रकाश नारायण: यंत्राच्या सोबतीची चार वर्षे

लोकनायक जयप्रकाश नारायण यांच्या अखेरच्या चार वर्षांचे वेळापत्रक डायलिसिसच्या यंत्राने ठरवले. तरीही याच काळात त्यांनी भारताच्या राजकारणाला निर्णायक वळण दिले.

११ ऑक्टोबर १९०२ रोजी सिताबदियारा येथे जन्मलेले जयप्रकाश १९२२ मध्ये अमेरिकेला गेले. फळबागांपासून उपाहारगृहांपर्यंत मिळेल ते काम करत त्यांनी ओहायो स्टेट विद्यापीठाची समाजशास्त्रातील पदवी मिळवली व १९२९ मध्ये ते मायदेशी परतले. १९३२ च्या सुमारास नाशिकच्या तुरुंगात अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता यांच्याशी झालेल्या चर्चांतून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकारास आली.

आणीबाणी पुकारली जाताच, जून १९७५ मध्ये त्यांना अटक झाली. चंदीगड येथे स्थानबद्ध असताना त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. नोव्हेंबरमध्ये सुटका होताच त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आले आणि आजन्म डायलिसिस सुरू झाले. पुढे लोकवर्गणीतून त्यांच्यासाठी यंत्र घेण्यात आले. या अवस्थेतच त्यांनी विरोधकांना एकत्र आणले आणि मार्च १९७७ मध्ये जनता पक्ष सत्तेवर आला. त्याच वर्षी ते उपचारांसाठी सिएटलला गेले. दीर्घकालीन डायलिसिस शक्य करणारी टेफ्लॉनची नळी बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० मध्ये याच शहरात वापरात आणली होती.

डायलिसिस रक्तातील टाकाऊ द्रव्ये व जादा पाणी काढते, परंतु मूत्रपिंडाचे सारे कार्य करू शकत नाही. शरीरात उरलेली विषद्रव्ये, कृत्रिम पडद्याशी रक्ताचा वारंवार होणारा संपर्क आणि नळी जोडण्याच्या जागी होणारा जंतुसंसर्ग यांमुळे शरीरात दाह सतत धुमसत राहतो. त्याने भूक मंदावते, स्नायू झिजतात, रक्तवाहिन्यांना इजा होते. अशा रुग्णांच्या मृत्यूंमागे हृदयविकार हे प्रमुख कारण असते, आणि त्यात या दाहाचा वाटा मोठा आहे. जयप्रकाशांच्या हयातीत हे नाते पुरते उलगडले नव्हते. त्यांना तर मधुमेह व हृदयविकारही होता.

मार्च १९७९ मध्ये, ते जसलोकमध्ये असताना, त्यांच्या निधनाची चुकीची वार्ता थेट संसदेत जाहीर झाली. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी, सत्त्याहत्तराव्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी, पाटण्यात त्यांनी देह ठेवला.

मायदेशी आईवडील डायलिसिसवर असलेल्या वाचकांनी दूरध्वनीवर केवळ क्रिएटिनिनचा आकडा विचारू नये. जेवण जाते का, ताप येतो का, नळीची जागा लाल झाली आहे का, रक्तातील अल्ब्युमिन घटले आहे का, हेही विचारावे. यंत्र रक्त शुद्ध करते. दाहावर लक्ष माणसांनीच ठेवायचे असते.